जुन्या गाडीचं इंजिन तापतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी बॉनेट उघडून उभं असतं आणि मला हाक येते. मी मेकॅनिक नाही. घरात आधी वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती, नंतर माझी १९९७ ची मारुती ८००, ती अजून आहे. या दोन गाड्यांनी आणि पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या एका मिस्त्रींनी जे शिकवलं तेवढंच इथे आहे. गाडीला हात लावण्याआधी मिस्त्री एकच विचारायचे, "तापते ते कळलं. कधी तापते?" रेडिएटर बदलून, पंप बदलून, हेडचं (सिलिंडरवर बसणाऱ्या इंजिनच्या वरच्या भागाचं) काम करूनही गाडी तापतेच म्हणणारे लोक मी पाहिलेत. त्यातल्या बहुतेकांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

काटा लाल पट्ट्याजवळ गेलाय आणि मी रस्त्यात आहे. आत्ता काय करू?

एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण गरमवर, पंखा जोरात, काचा खाली. मे महिन्यात कर्वे रोडवर हीटर लावून बसणं म्हणजे शिक्षाच आहे, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनातली थोडी उष्णता बाहेर काढतो. त्या दोन मिनिटांत डावीकडे जागा बघा. काटा लालला टेकला, वाफ दिसली किंवा गोडसर वास आला तर जागा शोधत बसू नका, इंजिन बंद करा.

डॅशबोर्डवर त्याच वेळी बॅटरीचा दिवाही लागला असेल तर एक मिनिटही चालवू नका. मारुती ८०० सारख्या गाडीत आल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर फिरतात. दोन्ही एकदम बोंबलले म्हणजे बेल्ट तुटलाय.

बॉनेट उघडून ठेवा, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, इंजिनवर बाटलीभर पाणी ओतू नका. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. पाऊण तास तरी थांबा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर गाडीत बसून न राहता रेलिंगच्या पलीकडे उभे राहा आणि १०३३ या महामार्गाच्या मदत क्रमांकाला फोन करा.

झाकण उघडलं तर नक्की काय होतं? थोडं सैल करून वाफ सोडली तर?

नको. पाणी १०० अंशाला उकळतं हे समुद्रकाठी. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे ते ९८ च्या आसपासच उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं. बऱ्याच झाकणांवर ०.९ असा आकडा असतो, म्हणजे ०.९ बार. त्या दाबामुळे उकळण्याचा बिंदू जवळपास वीस अंशांनी वर जातो. म्हणून ११० अंशांचं पाणी आत शांत बसलेलं असतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि त्याच क्षणी त्यातल्या थोड्या पाण्याची वाफ होऊन ती बाकीचं उकळतं पाणी घेऊन तुमच्या तोंडावर येते. वरच्या होजला (रेडिएटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबरी पाइपला) हात लावून बघा: दाबला जात नसेल, टणक असेल, तर आत दाब आहे. होज मऊ पडला आणि हात ठेवता आला की जाड फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा.

याचीच दुसरी बाजू म्हणजे झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर काहीही बिघाड नसताना गाडी उकळते. जुन्या गाडीच्या तक्रारीत मी सगळ्यात आधी झाकण बदलतो, कारण ते सगळ्यात स्वस्त आहे. फक्त आकडा तोच घ्या. १.१ चं बसवून जास्त दाब मिळवायला गेलात तर जुन्या होजचं नाहीतर रेडिएटरच्या टाकीचं पोट फुटेल.

"कधी तापते" यावरून काय कळतं?

जवळजवळ सगळं.

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि रस्ता मोकळा झाला की काटा खाली येतो, तर हवेचा प्रश्न आहे. चालत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला पंख्यानेच द्यायचा असतो. विद्यापीठ चौकात तापणारी आणि बायपासला लागल्यावर सुधारणारी गाडी दिसली की पंखा, त्याचा स्विच, रिले, फ्यूज आणि रेडिएटरच्या जाळीतली घाण बघायची. पंप-हेडच्या मागे लागायचं नाही.

गावात ठीक, पण सातारा रोडला ऐंशीच्या पुढे गेलं की काटा हळूहळू चढतो, तर पाण्याचा प्रश्न आहे. इंजिन जास्त उष्णता करतंय आणि रेडिएटरला ती पेलत नाही. नळ्या आतून बुजल्यात, पंपाचं पातं झिजलंय, नाहीतर खालचा होज आत चिमटतोय. हा शेवटचा प्रकार फार कमी लोक बघतात. पंप खालच्या होजमधून पाणी ओढतो. होज म्हातारा होऊन मऊ पडला, किंवा त्यातली स्प्रिंग गंजून गेली, की जोरात रेस केल्यावर तो चपटा होतो आणि पाणी अडतं. इंजिन गरम असताना कुणाला तरी रेस करायला सांगून त्या होजकडे बघत राहा. नुसतं बघूनच कळतं.

फक्त घाटात तापते, कात्रज किंवा खंबाटकी चढताना, तर मामला या दोन्हींच्या मधला असतो. वेग कमी म्हणून वारा कमी, आणि भार मात्र पूर्ण. चांगल्या गाडीचा काटाही घाटात थोडा वर जातो आणि माथ्यावर परत येतो, ते चालेल. परत येत नसेल तर रेडिएटर अर्धवट बुजलेला धरा.

सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच लाल, तर थर्मोस्टॅट (पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बंद अवस्थेत अडकलाय, पाणीच नाही किंवा हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनच्या मधलं पातळ सील) गेलंय. या तिन्हींमधला फरक पुढे येतो.

आणि एसी लावला की तापते, तर एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात असतो हे आठवा. दोघांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. माझ्या गाडीत तिथे एकदा सावरीच्या कापसाची नमदा तयार झाली होती. एप्रिलमध्ये झाडाखाली गाडी लावायची हौस, दुसरं काय.

काटा एकदम वर गेला आणि नंतर आपोआप खाली आला. म्हणजे सुटलो ना?

बहुतेक वेळा उलटंच झालेलं असतं. हे मी स्वतः भोगलंय.

मे महिना, दुपार, जेजुरीला निघालो होतो. मागे आई आणि दोन मुलं. वडकी मागे टाकून दिवे घाटाला लागलो तेव्हा काटा अर्ध्याच्या वर होता. मधल्या वळणावर तो लालला टेकला. मी म्हटलं, आता माथा जवळ आहे, वरच थांबू. पुढच्या दोन वळणांत काटा झरझर खाली आला, पार अर्ध्याच्याही खाली. मी आईला म्हटलंसुद्धा, "बघ, उतरला." आणखी अर्धा किलोमीटर गेलो असेन. डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला, ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी पुढे ओढेना आणि बंद पडली.

झालं होतं असं: खालचा होज उभा चिरला होता आणि सगळं पाणी घाटात सांडलं होतं. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडलेला असला तरच खरं सांगतो. पाणी गेल्यावर तो हवेत लटकत होता आणि हवा धातूइतकी तापत नाही. काटा उतरला तेव्हा इंजिन कोरडं भाजत होतं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी हेड उतरवून बाकावर उलटं ठेवलं, पुसलं, त्यावर पोलादी सरळ पट्टी उभी धरली आणि मागून टॉर्च लावला. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मध्ये पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली. या इंजिनाला ०.०५ मिलिमीटरपर्यंत वाकलेलं चालतं. मिस्त्रींनी ०.१५ चं फीलर गेजचं (फट मोजायचं, ठरावीक जाडीचं) पान घेतलं, ते त्या फटीतून लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. महिनाभर आधी सर्व्हिसिंगला दिली होती तेव्हा "होज ठीक आहेत" असं मला सांगण्यात आलं होतं, मी दाबून बघितले नव्हते. आता दर दिवाळीला स्वतः दाबून बघतो. क्लिपजवळ फुगलेला, चिकट झालेला किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दाखवणारा होज त्याच दिवशी बदलायचा.

काटाच खोटं बोलत असेल तर? गाडी तर तापल्यासारखी वाटत नाही.

जुन्या गाड्यांत होतं असं. बहुतेक जुन्या काटेवाल्या गाड्यांना सेन्सरची एकच वायर असते. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून ती वायर काढा: काटा पूर्ण थंडवर गेला पाहिजे. वायरचं टोक क्षणभर इंजिनच्या धातूला टेकवा: काटा पूर्ण गरमवर गेला पाहिजे. दोन्ही झालं तर काटा आणि वायर ठीक, संशय सेन्सरवर. दिवे किंवा इंडिकेटर लावल्यावर काटा हलत असेल तर अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडीला जोडणी) खराब आहे, इंजिनला हात लावू नका.

हजारच्या आसपास मिळणारी इन्फ्रारेड गन असेल तर उत्तमच. मात्र ती चकचकीत ॲल्युमिनियमवर धरू नका, आकडा खूप कमी दाखवते. होजच्या काळ्या रबरावर धरा.

पाणी कमी होतं पण खाली थेंबही दिसत नाही. जातं कुठे?

आधी रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. गरम इंजिनवरचा थेंब जमिनीवर पडायच्या आत वाळतो, म्हणून दिवसा काही दिसत नाही. सकाळी पुठ्ठ्यावर डाग कुठे आहे ते बघा. पंपाखाली असेल तर पंपाला खालून एक बारीक भोक असतं, सील गेलं की तिथूनच पाणी येतं. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग आहेत. ती खूण आहे, गळतीचं मूळ नाही. ब्लॉकच्या (इंजिनच्या मुख्य धडाच्या) बाजूला वाटीसारख्या पत्र्याच्या डमी ठोकलेल्या असतात, साधं पाणी वापरलेल्या गाडीत त्या गंजून भोकं पडतात. गाडीच्या आत पायाशी गालिचा ओला आणि काचेवर चिकट धुकं, तर हीटरचा कोर (त्याचा छोटा रेडिएटर) गळतोय.

हे सगळं कोरडं असेल तर प्रेशर टेस्ट करून घ्या. हातपंपाने रेडिएटरमध्ये झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि दहा मिनिटं बघायचं. दाब उतरला पण बाहेर कुठेच पाणी नाही, तर ते सिलिंडरमध्ये जातंय.

पंखा फिरत नाही. पंखा खराब की स्विच?

इलेक्ट्रिक पंखा असेल तर थर्मो स्विचचा (पाणी तापल्यावर पंखा सुरू करणाऱ्या स्विचचा) दोन पिनांचा कनेक्टर काढा आणि इग्निशन चालू करून दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला तर स्विच गेलाय. नाही फिरला तर फ्यूज, मग रिले, मग मोटरला थेट बॅटरी देऊन बघा. तेव्हाही नाही फिरला तर मोटरच गेली. बोटं आणि ओढणी दूर ठेवा, काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

पंखा फिरतोय म्हणून समाधान मानू नका. वायरिंगचं काम झाल्यावर उलट्या दिशेने फिरणारा पंखा मी पाहिलाय. वहीचा कागद जाळीसमोर धरा, आत ओढला गेला पाहिजे.

सुमो, बोलेरो यांसारख्या जुन्या डिझेल गाड्यांना इंजिनवरच बसवलेला, व्हिस्कस कपलिंगचा (दाट तेलाच्या जोडणीतून फिरणारा) पंखा असतो. इंजिन गरम करून बंद करा आणि पंखा हाताने ढकला. दाटपणा जाणवला पाहिजे. भिंगरीसारखा गरगर फिरत राहिला तर कपलिंगमधलं सिलिकॉन ऑइल गेलंय.

थर्मोस्टॅट काढून टाका, पुण्यात त्याची गरजच नाही, असं गॅरेजवाले म्हणतात. खरं का?

यावर मी बरीच भांडणं केली आहेत.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची डबी. ८२ किंवा ८८ अंशांना, जो आकडा त्यावर ठोकलेला असेल तिथे, मेण फुगतं आणि झडप उघडते. तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरून लवकर गरम होतं. तो काढला की डिसेंबरच्या सकाळी इंजिन तापायलाच पंधरा मिनिटं लागतात, पेट्रोल जास्त जातं आणि थंड ऑइलवर सिलिंडर झिजत राहतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटची खालची चकती उघडताना बायपासची वाट बंद करते. तिथे तो काढला की निम्मं पाणी रेडिएटरकडे न जाता गोल फिरून परत येतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. "पाणी इतक्या वेगाने जातं की त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही" हे स्पष्टीकरण मात्र खरं नाही.

अडकलेला थर्मोस्टॅट घाटात काढून घरी येणं ठीक. नंतर नवा बसवा.

तपासणं सोपं आहे. थंड गाडी सुरू करून वरच्या होजवर हात ठेवा. काही मिनिटं तो कोमटच राहिला पाहिजे आणि मग एकदम गरम झाला पाहिजे. सुरुवातीपासून हळूहळू गरम होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, नाहीतर आधीच्या मालकाने काढून टाकलाय. काटा लालला आणि होज अजून गार, तर तो बंद अडकलाय किंवा आत पाणीच नाही. खात्री करायची तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर सोडा आणि गॅस लावा. आकड्याच्या आसपास झडप हलायला लागली पाहिजे, आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडली पाहिजे. स्वयंपाकघरात हा प्रयोग कोण घरी नसताना करायचा ते तुमचं तुम्ही बघा.

रेडिएटर साफ करून घेऊ की नवा टाकू?

पितळी-तांब्याचा जुना रेडिएटर असेल तर चांगला कारागीर वरची टाकी डाख काढून उघडतो, प्रत्येक नळीतून सळई फिरवतो आणि परत डाख देतो. याला रॉडिंग म्हणतात. पद्मिनीचा रेडिएटर आम्ही असा दोनदा करून घेतला. ॲल्युमिनियमचा कोर आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असतील तर उघडण्यात अर्थ नसतो, नवा घ्या.

त्याआधी तो बुजलाय का ते ठरवा. इंजिन पूर्ण गरम करून बंद करा आणि इन्फ्रारेड गन जाळीवरून वर-खाली, डावी-उजवी फिरवा. तापमान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश उतरलं पाहिजे. मध्येच गार पट्टा आला तर त्या नळ्यांतून पाणी जातच नाही. बाहेरून धुताना पाणी इंजिनकडून पुढच्या बाजूला मारा, म्हणजे अडकलेली घाण आली तशी बाहेर जाते. वॉशिंग सेंटरचा फवारा जवळून मारू देऊ नका, पात्या आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? नळाचं पाणी चालेल की.

अडचणीत चालेल, घरी येईपर्यंत. कूलंट गोठू नये म्हणून असतं हे अर्धंच खरं. निम्मं ग्लायकॉल (कूलंटचा मुख्य घटक) असलेलं मिश्रण दाबाशिवायही १०७ अंशांच्या आसपास उकळतं, त्यात गंज रोखणारी रसायनं असतात आणि पंपाचं सील कोरडं पडत नाही. पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत बोअरचं आणि टँकरचं पाणी असतं. बादलीला, गीझरला जो पांढरा थर धरतो तोच इंजिनच्या आत धरतो.

रेडिएटरमधलं पाणी चहासारखं दिसत असेल तर आतून गंज चाललाय. सगळं काढा, दोन-तीनदा धुवा, मग बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं कूलंट करून भरा. तयार मिश्रण घेतलं असेल तर त्यात परत पाणी घालू नका. दोन वर्षांनी बदला. हिरवं आणि लाल एकत्र करू नका. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका, ते चवीला गोड आणि विषारी असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं पितात.

गळती थांबवायला हळद टाकतात म्हणे?

टाकतात. थांबतेही, आठवडाभर. हळदीचा गाळ बारीक भोकात बसतो तसाच रेडिएटरच्या नळ्यांत आणि हीटरमध्येही बसतो. आमच्या पद्मिनीच्या पहिल्या रॉडिंगच्या वेळी सळईला पिवळा लगदा आला होता. वडिलांनी तेव्हा खिडकीबाहेर बघणं पसंत केलं.

मिस्त्री म्हणतात हेड गॅस्केट गेलं, हेड उतरवावं लागेल. विश्वास ठेवू?

पुरावा मागा. चांगला मिस्त्री रागावत नाही.

पुरावे असे. थंड गाडीचं झाकण काढून सुरू केली तर बुडबुडे सतत येत राहतात, थांबतच नाहीत. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज टणक होतो. पाणी गरम व्हायच्या आत दाब आला म्हणजे तो जळालेल्या गॅसचा आहे. रिझर्व बाटली भरून वाहते आणि रेडिएटर मात्र रिकामा. सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर. सकाळी सुरू करताना पहिला अर्धा मिनिट गाडी एका सिलिंडरवर लंगडते, कारण रात्रभरात पाणी आत झिरपलेलं असतं.

खात्रीसाठी ब्लॉक टेस्ट असते. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरतात. वर येणाऱ्या हवेत जळालेला गॅस असेल तर निळा रंग पिवळा होतो. सोबत कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आले तर गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये फुटलंय.

हेड उतरवलंच तर फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) करायच्या आधी पट्टी आणि फीलर गेज तुमच्यासमोर लावायला सांगा, तडा आहे का तेही बघायला सांगा. आणि गॅस्केट का गेलं ते शोधल्याशिवाय हेड परत बसवू देऊ नका. चिमटलेला होज किंवा बुजलेला रेडिएटर तसाच राहिला तर नवीन गॅस्केटही सहा महिन्यांत जाईल.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय आहे. गेलं ना गॅस्केट?

महिना कोणता आणि गाडी किती चालते? जुलैमध्ये घरापासून मंडईपर्यंत एवढीच गाडी चालत असेल तर इंजिन पूर्ण तापतच नाही, दमट हवेतल्या वाफेचे झाकणाखाली थेंब होतात आणि ते ऑइलमध्ये मिसळून साय दिसते. डिपस्टिक काढा. तिथलं ऑइल स्वच्छ आणि पातळी तेवढीच, तर गाडी तासभर हायवेला फिरवून आणा. डिपस्टिकवरच दुधाळ कॉफी असेल, पातळी वाढलेली असेल, तर इंजिन सुरूही करू नका.

गॅस किट बसवल्यापासून तापते.

एलपीजी, सीएनजीचा रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम ठेवायला कूलंटच्या होजमध्ये दोन टी-जोड घालतात. म्हणजे गळायला बऱ्याच नव्या क्लिपा, आणि हवा अडकायला एक उंच जागा. आधी तिथे बघा. एक चांगली खूण आहे: रेड्युसरवर दंव किंवा बर्फ धरला आणि गाडी गॅसवर अडखळायला लागली, तर गरम पाणी तिथपर्यंत पोहोचत नाही, म्हणजे पाणी कमी आहे. काटा वर जायच्या आधी हे कळतं. शिवाय मिश्रण कोरडं (हवा जास्त, इंधन कमी) लावलेलं असेल तरी इंजिन तापतं, ट्यूनिंग परत करून घ्या.

कूलंट बदललं आणि त्याच दिवसापासून काटा नाचतोय.

हवा अडकलीय. गाडीचं नाक चढावर करा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा, हीटर गरमवर, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू द्या, वरचा होज अधूनमधून दाबा. पातळी एकदम खाली जाईल तेव्हा भरा. ओम्नीत इंजिन सीटखाली, रेडिएटर पुढे आणि मध्ये लांब पाइप, त्यामुळे हे दोन-तीनदा करावं लागतं.

पाण्याचं सगळं तपासलं, सगळं नवीन. तरी तापते.

मग उष्णताच जास्त तयार होतेय. इग्निशन टायमिंग मागे गेलंय का, कार्ब्युरेटर कोरडा चाललाय का, क्लच घसरतोय का. सपाट रस्त्यावर थोडं चालवून ब्रेक न मारता गाडी थांबू द्या आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एखादी जास्त गरम असेल तर ब्रेक चिकटतोय, इंजिन दिवसभर त्याच्याशी भांडतंय. माझ्या ओळखीतल्या एका गाडीला नवा रेडिएटर पडला होता. दुखणं निघालं मागच्या डाव्या हँडब्रेकच्या गंजलेल्या केबलचं.

जुन्या स्कूटरलाही हे लागू आहे का?

जुन्या टू-स्ट्रोक चेतकसारख्या स्कूटरला पाणीच नाही. फ्लायव्हीलवरचा पंखा पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरवर वारा मारतो. आवरण बसवलेलं आहे का, पात्यांत चिखल आहे का आणि पेट्रोलमध्ये ऑइल पुरेसं आहे का एवढंच बघा. आवरण "आवाज करतं" म्हणून काढून ठेवणारे बरेच असतात.

सुरुवात कुठून करू आणि सुटे भाग कुठे मिळतील?

स्वस्तापासून महागाकडे: पाण्याची पातळी, झाकण, होज आणि क्लिपा, बेल्ट (अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबावा), जाळीतली घाण, पंख्याचा स्विच, थर्मोस्टॅट. पहिले पाच तर रविवारी सकाळी चहा गार व्हायच्या आत बघून होतात. रेडिएटर, पंप त्यानंतर, हेड सगळ्यात शेवटी.

भागांसाठी नाना पेठ. बंद झालेल्या मॉडेलचं सामानही तिथे निघतं, पण जुना भाग पिशवीत घालून घेऊन जा. नुसतं "८०० चा थर्मोस्टॅट" म्हणालात तर दुकानदार तीन ठेवेल समोर. रबरी वस्तू आणि थर्मोस्टॅट जुन्या बाजारातून घेऊ नका, तिथून फार तर पंख्याचं आवरण किंवा ब्रॅकेट आणा.

थर्मोस्टॅट उकळलेलं पातेलं परत वापरता येईल का?

नाही. घासलं तरी नाही, कूलंटचा अंश राहतो. आमचं गॅरेजमध्ये आहे, नट-बोल्ट ठेवायला. त्याच्या जागी नवीन आणावं लागलं, आणि हेडच्या फेसिंगपेक्षा त्या पातेल्याबद्दलच घरात जास्त ऐकून घेतलंय.